आजींनी चहा नको म्हटला

"सिस्टर, एवढ्यासाठी फोन केला म्हणून रागावू नका, पण आत्यांनी काल संध्याकाळपासून चहा घेतला नाही."

सकाळचे पावणेसात वाजले होते. फोन धोम धरणाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून होता. नवरा नवी मुंबईत माथाडी, घरात सून, दोन मुलं आणि 84 वर्षांच्या आजी. मी विचारलं, ताप? नाही. खोकला? थोडा, पण थंडीत तो त्यांना असतोच. कुठं दुखतंय? "काय न्हाय" म्हणतात. जेवण? रात्री चतकोर भाकरी दुधात कुस्करून दिली होती, ती तशीच राहिली. आणखी काही? "नाही ओ, जरा गप्प गप्प आहेत, एवढंच."

मी हातातलं काम टाकलं आणि स्कूटर काढली.

साताऱ्यात 24 वर्षं वॉर्डात काढल्यावर गेली काही वर्षं मी वाई आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. बीपी, शुगर, ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं, अंथरुणाला खिळलेल्यांची अंघोळ, जे लागेल ते. माझ्याजवळ एक दोनशे पानी वही असते. प्रत्येक माणसाचं पहिलं पान 'नेहमीचं' या नावाचं. माणूस बरा असताना कसा असतो, ते त्यावर लिहायचं. या आजींच्या पानावर लिहिलंय: 'पहाटे 5 ला उठतात. चहा दोन वेळा, साखर जास्त. एका जेवणाला दीड भाकरी. शौचाला रोज सकाळी. रात्री लघवीला एकदा. काठी बाहेर जाताना, घरात भिंत धरून. डावा कान बरा. सुनेवर चिडतात.'

साठ वर्षं दोन वेळचा चहा न चुकवलेली बाई चहा नको म्हणते, तेव्हा माझ्या दृष्टीने ती 102 तापापेक्षा मोठी खबर असते. तरुण माणूस आजारी पडला की आजार आपलं नाव सांगत येतो: ताप चढतो, छातीत कळ येते, लघवीला जळजळ होते. म्हाताऱ्या शरीराला तेवढा गाजावाजा करायची ताकद उरलेली नसते. न्यूमोनिया होतो आणि ताप येत नाही. हार्ट अटॅक येतो, छाती दुखत नाही, नुसता घाम फुटतो आणि "जीव घाबराघुबरा होतोय" म्हणतात. मधुमेह असेल तर हे आणखी जास्त. बाहेर दिसतं ते एवढंच की माणूस जेवत नाही, उठत नाही, पडतो, गप्प होतो किंवा काहीबाही बोलतो.

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. थर्मामीटर 98.2. नाडी 104. मनगट तसंच हातात धरून मी नाडी मोजतेय असं दाखवलं आणि श्वास मोजले. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस ते बदलतो, म्हणून ही युक्ती. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंदांना चारने गुणून नाही. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 असतात, फार तर थोडे वर. आजींचे 32 भरले. बोटं गार होती, त्यामुळे आधी हातात चोळून गरम केली आणि मग ऑक्सिमीटर लावला, कारण गार बोटावर आकडा फसवतो. 88. पाठीवर उजवीकडे खाली स्टेथोस्कोप ठेवला, तर कानाजवळ केस चुरावेत तसा बारीक आवाज.

"आजी, वार सांगा की उलटे. आज शनवार, काल?"

"शुक्रवार... बेस्तरवार..." आणि डोळे मिटले. हाक मारली की उघडायच्या, पुन्हा मिटायच्या.

108 ला फोन केला. पोरगा मुंबईहून फोनवर रडकुंडीला आलेला, खर्चाची धास्ती. त्याला सांगितलं, 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमध्ये वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आजींचं कार्ड आपण गेल्या दिवाळीत काढून ठेवलंय. यादीतल्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये उजवा न्यूमोनिया निघाला.

शेजारच्या घरातल्या बाई तोवर दारात येऊन म्हणाल्या होत्या, "वय झालंय आता, असं व्हायचंच." हे वाक्य मी रोज ऐकते. घरच्यांकडून ऐकते, वॉर्डात ऐकलंय, डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. मला ते सहन होत नाही. वय काल संध्याकाळी चार वाजता होत नाही. काल चहा घेणारी बाई आज घेत नसेल तर मधल्या वेळात काहीतरी घडलंय, आणि ते शोधता येतं.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं असं नाही. पुस्तकात होतंच. पण माझ्याच घरात मी ते चुकले.

आमचे मामंजी तेव्हा 79 वर्षांचे होते. मार्गशीर्षातली थंडी, नाक वाहत होतं, तर मी मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली. तिसऱ्या रात्री ते उठून बसले आणि "बैलं सोडली का? पाणी दावलं का?" असं मोठमोठ्यानं ओरडायला लागले. बैल विकून वीस वर्षं झाली होती. दर दहा-पंधरा मिनिटांनी मोरीत जायचे, धोतर थेंबाथेंबानं ओलं. मी यांना म्हटलं, "आता यांच्या डोक्यात फरक पडायला लागलाय." लघवी तर होतेय, असंच मी धरून चालले होते. सकाळी ओलं धोतर बदलताना बेंबीच्या खाली हात लागला. नारळासारखं घट्ट.

दवाखान्यात कॅथेटर घातल्यावर पिशवीत 1100 मिली लघवी आली. दोन दिवस आणि दोन रात्री ती पोटात तुंबली होती, आणि मोरीत पडत होते ते नुसते ओसंडलेले थेंब. वय झालेल्या पुरुषाची प्रोस्टेट बहुतेकदा वाढलेली असते. त्यात सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन मूत्राशयाला सुस्त करतं, आणि नाक मोकळं करणारं दुसरं औषध त्याचं तोंड आवळतं. मेंदूलाही तीच गोळी बाधते. गोळी बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजींनी विचारलं, "आज दूध कुणी घातलं डेअरीला?" डोकं ठिकाणावर होतं. ते कधी गेलंच नव्हतं.

वॉर्डात असते तर पहिल्या पाच मिनिटांत ओटीपोटावर हात ठेवला असता. घरात मी सून होते. सासऱ्यांच्या अंगाला हात लावायचा संकोच वाटला, आणि त्या संकोचापायी त्यांनी दोन रात्री काढल्या. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, कारण वेगळं होतं. पण त्या दोन रात्री मी विसरत नाही.

जुन्या बायका अशा वेळी "वात झालाय" म्हणायच्या. मला तो शब्द आजच्या 'म्हातारचळ' पेक्षा खूप शहाणा वाटतो. वात झालाय म्हणजे अंगात काहीतरी दुखणं आहे आणि ते डोक्यात चढलंय, हे त्यांना माहीत होतं. म्हातारचळ म्हटलं की शोध थांबतो. दोन गोष्टींत फरक करायला एकच प्रश्न पुरतो: हे कधीपासून? स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी येतो. वात दिवसात येतो, तासातासाला कमीजास्त होतो, रात्री वाढतो. आणि ओरडणाऱ्याकडे तरी सगळे धावतात. आजींसारखं गप्प होऊन भिंतीकडे तोंड करणारं माणूस तसंच राहून जातं, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो.

वार उलटे विचारते ते यासाठीच. शाळा न शिकलेल्यालाही वार येतात. थोडं पुढं जायचं असेल तर महिने उलटे विचारते, आणि जानेवारी-फेब्रुवारी नाही, आपले. एक नव्वदीतले आबा तोंडात मिश्री असताना फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष करत चैत्रापर्यंत एका दमात जातात. त्यांच्या पानावर मी ते लिहून ठेवलंय. ज्या दिवशी ते कार्तिकावर अडकतील त्या दिवशी मी कारण शोधायला लागेन.

कारणं तशी ठरलेलीच असतात. लघवी तुंबली का, लघवीत जंतू आहेत का, छाती, पाणी कमी पडलंय का, सोडियम उतरलंय का, नवीन गोळी सुरू झाली का, शुगर. आणि शौच. शौचाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी सगळ्यात आधी विचारते. मागच्या उन्हाळ्यात एका आक्कांना "जुलाब लागलेत" म्हणून घरच्यांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. मी विचारलं, त्याआधी घट्ट शौच कधी झाली? आठ-नऊ दिवसांपूर्वी. आतड्यात खडा बसला होता आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपत होतं. मामंजींच्या लघवीसारखंच, आत तुंबलेलं आणि बाहेर ओसंडलेलं. थांबवायची गोळी म्हणजे उलटाच उपाय होता. डॉक्टरांना विचारून एनिमा दिला, आणि आक्का चार दिवसांनी पहिल्यांदा उठून ओसरीवर बसल्या.

पाण्याचं बघायचं तर हातावरची कातडी चिमटीत धरून बघू नका, म्हातारपणी ती सैल असतेच. जीभ बघा, काखेत हात घाला. कोरडी आहे का?

'दुखतंय का?' हा प्रश्नसुद्धा मी आता तसा विचारत नाही. आमच्याकडच्या बायकांना आयुष्यभर दुखतंय म्हणायची सवय नाही. विचारलं की "न्हाय गं बाय." मग मी आपल्या भाषेतले शब्द एकेक करून पुढे ठेवते. ठणकतंय? चमक निघते? कळ येते? आग होते का, भगभगतं? मुंग्या येतात? ओढ लागते? नुसतं अवघडलंय? यातला एखादा शब्द नेमका बसतो आणि चेहरा बदलतो. "हां, भगभगतंय. रातच्याला पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते." भगभग आणि मुंग्या म्हटलं की मी शुगरने नसा गेल्यात का ते बघते, तळपाय उचलून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते, कारण तिथं जखम झालेली तिला कळणारच नाही. ठणका म्हटलं की पू, सूज. सकाळी अवघडलेलं आणि चालल्यावर मोकळं होणारं, ते गुडघे. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं विचारून मला कधी उत्तर मिळालेलं नाही. चार आणे, आठ आणे, बारा आणे विचारलं की मिळतं.

औषधांचा डबा हा माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. बहुतेक घरांत तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, आणि त्यात तीन वर्षांच्या पट्ट्या एकत्र. मी तो सतरंजीवर उलटा करते. पट्टीवरच्या मोठ्या नावाखाली जे बारीक छापलेलं असतं ते वाचायचं, कारण मोठं नाव कंपनीचं आणि औषध खालचं. मेणवलीच्या रस्त्यावरच्या एका घरात तात्यांच्या डब्यात बीपीच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या होत्या, दोन वेगळ्या डॉक्टरांच्या. खाली दोन्हीवर अ‍ॅम्लोडिपिन. दुप्पट डोसाने पाय सुजले. पाय सुजले म्हणून तिसरीकडून पाणी उतरवायची गोळी मिळाली. ती ते रात्री जेवणानंतर घ्यायचे, म्हणजे रात्रीत चार वेळा उठणं आलं. संडास परसात. चौथ्या वेळी उंबऱ्यात पाय अडकला.

सून म्हणत होती, "तात्या हल्ली पडतात." मी तात्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, उभं केलं, एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतलं. वरचा आकडा 138 वरून 108 वर आला. उभं राहिल्यावर 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर माणूस पडायची भीती असते. दवाखान्यात खुर्चीवर बसवून एकदाच बीपी घेतात, त्यात हे दिसत नाही. गोळी बंद करणं माझं काम नाही, मी ती करत नाही. सगळ्या पट्ट्या ओळीने लावून फोटो काढला, आकडे लिहिले आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना पाठवलं. त्यांनी अर्ध्या तासात फोन करून दोन गोळ्या कमी केल्या. आता तात्या उठताना आधी कॉटच्या कडेला बसतात, पाय दहा वेळा वरखाली हलवतात आणि मग उभे राहतात. उंबऱ्यावर लेकानं पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलाय आणि मोरीपुढची पायपुसणी उचललीय. खुर्चीतून उठून ओसरीवर तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला त्यांना 19 सेकंद लागायचे, आता 13 लागतात. 12 च्या आत आले की मी त्यांना एकटं पारावर जाऊ देणार आहे.

एकादशीचं इथंच सांगते. उपास धरायला माझी ना नाही, कुणाची श्रद्धा मोडायचा मला अधिकार नाही. पण शुगरची गोळी रोजच्यासारखी आणि पोटात दोन चमचे भगर, असं करू नका. आषाढी-कार्तिकीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. घाम, थरथर, बरळणं, आणि शुगर 70 च्या खाली असेल तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची.

अंथरुणाला खिळलेल्यांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण एक गोष्ट राहवत नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायला शिकवलं होतं, आणि मी ती वर्षानुवर्षं मनापासून चोळली. माकडहाडावर लाल झालेल्या जागी तर जास्तच. आता माहीत आहे की त्या जागी चोळल्याने आतलं मांस अधिक दुखावतं. तिथं चोळायचं नाही, बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ आहे. तशीच राहिली तर बेडसोरची सुरुवात झाली. आणि सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही. शेजारच्यापेक्षा काळपट, जांभळट दिसते. तळहात उलटा करून लावा, ती जागा गरम किंवा टणक लागेल. दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून थोडं कललेलं. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली घडी केलेलं लुगडं घाला. रबरी रिंग आणली असेल तर वापरू नका, तिच्या काठाने रक्त अडतं. रोज अंघोळ घालणारी घरची बाई या जागा नर्सच्या आधी बघते. तिला फक्त काय बघायचं ते सांगायला हवं.

आजी बाराव्या दिवशी घरी आल्या. अशक्त झाल्या होत्या, धरून चालवायला लागायचं, जेवताना ठसका लागायचा. त्यांना ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली करून, लहान घास द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवायचं, हे मी सुनेला दाखवलं. सकाळ-संध्याकाळ तोंड धुणं, हिरड्या फडक्याने पुसणं, कवळी रात्री काढून ठेवणं हेही, कारण तोंडातली घाण छातीत उतरली की पुन्हा न्यूमोनिया.

तिला मी म्हटलं, "अगं, चहाचा फोन केलास म्हणून आजी घरी आहेत." ती काही बोलली नाही. आत गेली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आली. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब होता, आणि त्याच्या खाली आता बारीक अक्षरात आजींचा.

'चहा 2. भाकरी पाऊण. पाणी 4 तांबे. शौच झाली. रात्री 1 दा उठल्या.' दुसऱ्या चौकोनात, 'चहा 2. भाकरी 1. दारापर्यंत चालल्या. ठसका नाही.' आणि त्या दिवशीच्या चौकोनात: 'चहा 2. साखर कमी म्हणून माझ्यावर चिडल्या.'

मी पेन मागून घेतलं आणि 'चिडल्या'च्या पुढे बरोबरची खूण केली.